ॲल्युमिनियमच्या पुलीवर लेझर: माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने भरपूर, आणि त्यांच्या मशीनचे सुटे भाग करून देणं हा माझा धंदा. त्यातल्या एका पुलीने मला बराच काळ छळलं. एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून सोडणाऱ्या मशीनमधून, निघालेली गरम स्ट्रॉ (चटई विणायची प्लास्टिकची काडी) पाण्याच्या टाकीतून गार होऊन बाहेर येते, तिथे तोंडाशीच ही गाइड पुली बसते. ॲल्युमिनियमची, मधोमध व्ही आकाराची खाच. स्ट्रॉ तिन्ही पाळ्या त्याच खाचेतून पळते आणि खाचेला घळ पडते.

मऊ प्लास्टिक धातूला कसं खाईल, असं कुणीही विचारेल. खातो तो त्यातला माल. फिलर म्हणून, म्हणजे भर घालायला टाकलेलं कॅल्शियम कार्बोनेट आणि त्याहून वाईट म्हणजे पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड. ज्या लाइनवर पांढरा आणि फिकट माल जास्त चालतो, तिथली पुली आधी जाते. शिवाय झिजलेल्या ॲल्युमिनियमची काळी रेघ स्ट्रॉवर उमटते. गडद चटईत ती खपून जाते, पांढरीत नाही. मग शेठचा फोन.

स्टीलची पुली चालत नाही, कारण इथे पुलीला मोटर नाही, तिला स्ट्रॉच फिरवते. ॲल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ७.८५. लाइन सुरू होताना जड पुली मागे राहते आणि स्ट्रॉ घासते किंवा तुटते. वायरवाले सिरॅमिक चढवलेल्या पुल्या वापरतात, त्या उत्तम. पण आमच्याकडे अडकलेली स्ट्रॉ काढायला पोरं सरळ पक्कड घालतात, आणि सिरॅमिकचा टवका उडतो.

हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा कडक थर चढवणं, करून झालं होतं. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पन्नासेक मायक्रॉनचा थर चढतो, आणि तो खरंच कडक असतो. पण माझं कास्टिंग एलएम २५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, त्यात सात टक्के सिलिकॉन, त्यामुळे थर एकसारखा बसत नाही. खाचेच्या धारेवर तर तो तडकतोच. खाली मऊ धातू, वर अंड्याच्या टरफलासारखं कवच; एकदा फुटलं की पुढचं काम झपाट्याने होतं.

म्हणून लेझर. जळगावात हे करणारा मला कुणी सापडला नाही, पुण्याकडे एक जॉबवर्कवाला मिळाला. तिथला इंजिनियर निघाला आपल्या सावद्याचा, त्यामुळे बोलणं मोकळं झालं. "लेझर हार्डनिंग करून द्याल का," म्हटल्यावर तो म्हणाला, "दादा, ते स्टीलचं. ॲल्युमिनियमला तसं होत नाही."

त्याने समजावलं ते असं. स्टीलचा पृष्ठभाग लेझरने न वितळवता तापवला की आतला गार धातूच उष्णता ओढून घेतो आणि वरची कातडी मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलची कडक अंतर्गत रचना, होऊन कडक होते. ॲल्युमिनियममध्ये असा बदलच नाही. टी ६ हीट ट्रीटमेंटने आलेली ताकद मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे असते, आणि नुसतं तापवलं तर ते कण मोठे होऊन किंवा विरघळून धातू उलट मऊ पडतो. म्हणजे कातडी वितळवायलाच हवी आणि वितळलेली असताना तिच्यात काहीतरी मिसळायला हवं. याला लेझर अलॉयिंग म्हणतात.

मिसळायचं काय, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. माझ्या डोक्यात सिलिकॉन कार्बाइड होतं, सगळ्यात कडक म्हणून. ते त्याने लगेच खोडलं. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये त्याची प्रक्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड बनू शकतं. ते ठिसूळ असतं आणि पाण्याशी प्रक्रिया होऊन मिथेन सोडत विरघळत जातं. माझी पुली तर टाकीच्या तोंडाशी, कायम ओली. दुसरा पर्याय निकेल. तो नमुना सगळ्यात कडक आला, पण निकेल जास्त पडलेल्या जागी थराला आडव्या बारीक भेगा. शिवाय ॲल्युमिनियममध्ये निकेल आणि वर बोअरचं क्षारयुक्त पाणी, म्हणजे खड्डे पडायची भीती. शेवटी ठरली सिलिकॉनचीच पावडर. थराची एकूण कडकपणाची नोंद निकेलपेक्षा कमी, पण सिलिकॉनचे सुटे दाणे अतिशय कडक असतात आणि घर्षण तेच झेलतात. सतरा टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचे इंजिन ब्लॉक लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) न घालता चालले आहेत, ते याच तत्त्वावर.

प्रत्यक्ष काम बघायला मी मुद्दाम गेलो. ॲल्युमिनियम फायबर लेझरचा नव्वद टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकतं. तो लेझरमध्येच शिरला तर महागडं नुकसान, म्हणून हेड थोडं तिरपं धरतात. पुली आधी सँडब्लास्ट करून खरबरीत केली, ॲसिटोनने पुसली. पावडर ओव्हनमध्ये सुकवून घेतली, कारण पावडरीतल्या ओलाव्यातून हायड्रोजन येतो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो सहज मुरतो, घट्ट होताना त्याला जागा राहत नाही, आणि थरात छिद्रं उरतात. आर्गॉन सोडून पुली फिरवायला घेतली. पहिल्या क्षणी धातू नुसता चमकत राहतो, काहीच होत नाही असं वाटतं. मग एकदम वितळतो, आणि वितळला की प्रकाशही जास्त पितो. फेऱ्या वाढल्या तशी अख्खी पुली तापते, वितळलेल्या धातूचं डबकं खोल जायला लागतं, म्हणून पुढच्या फेऱ्यांना पॉवर उतरवत नेली.

त्यात एक पुली बुडबुड्यांनी फसफसली. ती प्रेशर डायकास्टची होती. साच्यात दाबाने भरताना अडकलेली हवा वितळवल्याबरोबर बाहेर. बाकीच्या ग्रॅव्हिटी डायच्या होत्या, म्हणजे साच्यात दाब न देता ओतलेल्या, त्या साफ आल्या.

एक पुली कापून इथल्या कॉलेजच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मूळ कास्टिंगमध्ये सिलिकॉनच्या लांबट करड्या सुया. वरच्या थरात सुया गायब, त्याऐवजी बारीक कोनदार दाणे. कडकपणा मोजायच्या व्हिकर्सच्या हिऱ्याने खाली आणि वर ठसे उमटवले तर वरचा चौकोन स्पष्ट लहान, हिशेबाने कडकपणा दुपटीच्या आसपास. दोन फेऱ्यांचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात, तिथे मात्र मूल्य थोडं खाली. जुना पट्टा पुन्हा तापल्याचा तो परिणाम.

लेझरनंतर खाच ओबडधोबड असते, ती लेथवर काढावीच लागते. सिलिकॉनचे दाणे कार्बाइडची टीप खातात, म्हणून पीसीडी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याची टीप घ्यावी लागली, आणि ती स्वस्त नाही. कास्टिंगलाच खाचेत जादा माल ठेवायचा, पण फार नाही. नाहीतर टर्निंगमध्ये कडक थरच उतरून जायचा.

पुली बसवताना अमळनेरकडच्या ऑपरेटरने हातात फिरवून पाहिली. "भाऊ, हाई कितला दिन टिकी?" पांढऱ्या मालाच्या लाइनवर ती ॲनोडायझिंगवालीपेक्षा बरीच जास्त टिकली आणि काळी रेघ थांबली, एवढं मी सांगू शकतो. खर्च मात्र साध्या पुलीच्या कितीतरी पट, शिवाय पुण्याला जाणं-येणं. म्हणून लेझर फक्त टाकीच्या तोंडाच्या पुलीला, तेही पांढरा माल चालवणाऱ्यांकडे. पुढच्या कोरड्या पुल्या अजून ॲनोडायझिंगच्याच देतो, आणि ड्रॉइंगवर आता लिहून टाकलंय: ग्रॅव्हिटी डाय, एलएम २५, प्रेशर डायकास्ट चालणार नाही.