बोरन्हाणाची पत्रिका, जुळतं पाकीट आणि हलव्याचे दागिने: माझा अनुभव

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण कधीही करता येतं, पण हा काळ दरवर्षी सारखा नसतो. २०२५ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे मधे चांगले तीन आठवडे मिळाले. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली आणि हाताशी जेमतेम अकरा दिवस उरले. म्हणून मी तारीख पक्की व्हायची वाट बघत नाही. डिसेंबरच्या मध्याला कागद कापायला घेते, मजकूर शेवटी घालते. पुढचा सगळा हिशेब २५ पत्रिका, तितकीच पाकिटं आणि एका बाळाचे दागिने असा धरलेला आहे.

या कामात जे बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. कागदाला ओल लागली की तो फुगतो, साखरेला लागली की ती विरघळते, आणि आपला पांढरा फेविकॉल हा तर पाण्यातलाच गोंद. गोंद कुठे, किती आणि कधी लावायचा एवढं सांभाळलं तर निम्मं काम सोपं होतं.

संक्रांतीचा रंग काळा, म्हणून पत्रिकाही काळी. सांगलीत कागद, लेस, दोरा हे सगळं मी मारुती रोड आणि हरभट रोडच्या बाजूला घेते, हलवा गणपती पेठेतून. ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं काळं कार्डशीट मागितलं की दोन प्रकार समोर येतात. एक आरपार काळा असतो. दुसरा वरून काळा आणि पोटात पांढरा. दुसरा स्वस्त पडतो, पण घडी घातली की घडीवर पांढरी चीर उमटते आणि ती कशानेही झाकत नाही. कागदाची कड उजेडात बघायची. कडेला पांढरी रेघ दिसली तर तो कागद घेऊ नये.

ए४ आकाराचे १३ कागद पुरतात, मी १५ घेते. प्रत्येक कागद २९.७ सेंमीच्या बाजूने मधोमध कापायचा, म्हणजे २१ बाय १४.८ सेंमीचे दोन तुकडे होतात. मग २१ सेंमीची बाजू अर्धी दुमडली की १०.५ बाय १४.८ सेंमीची पत्रिका तयार. हाच क्रम का, तर कागदाला लाकडासारखी रेषा असते. बाजारातल्या ए४ कागदात ती बहुधा लांब बाजूच्या दिशेने जाते. वरच्याप्रमाणे कापलं तर घडी रेषेच्या दिशेने पडते आणि गुळगुळीत बसते. कागद उभा चिरून १०.५ बाय २९.७ची पट्टी केली आणि ती दुमडली, तर पत्रिका त्याच मापाची होते, पण घडी रेषेला आडवी जाते आणि जाड कागद तिथे फुटतो. शंका असेल तर कागद दोन्ही दिशांनी न दुमडता नुसता वाकवून बघावा. ज्या दिशेने सहज वाकतो, ती घडीची दिशा.

घडीच्या जागी आधी खाच पाडावी लागते. स्टीलची पट्टी धरून, रिफिल संपलेल्या बॉलपेनने दोनदा ओढलं की पुरे. एका बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा उठतो. दुमडताना उंचवटा आत यायला हवा, खाच बाहेर. पुष्कळ जण खाचेच्या बाजूला दुमडतात, कारण हाताला ते नैसर्गिक वाटतं, पण तसं केलं की बाहेरचा थर ताणून तुटतो.

काळ्या कागदावर पांढऱ्या जेलपेनने लिहिता येतं, पण पहिला हात कागद पिऊन टाकतो. दहा मिनिटं वाळू देऊन त्याच अक्षरांवरून दुसरा हात द्यावा लागतो. साध्या पेन्सिलीच्या आखलेल्या रेघा पुसल्या तरी चकाकत राहतात, म्हणून आखायला पांढरी रंगीत पेन्सिल, तीही हलक्या हाताने. माझं मत असं, की जेलपेन बाहेरच्या नावापुरतं वापरावं आणि तारीख, वेळ, पत्ता आतल्या पांढऱ्या कागदावर छापावा. आतला कागद ९.५ बाय १३.८ सेंमीचा, ८० ते १०० जीएसएमचा. तो पूर्ण चिकटवायचा नाही. फक्त घडीलगतच्या कडेला ५ मिमी रुंदीची दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची. गोंद पसरून आख्खा चिकटवला तर पातळ कागद आधी फुगतो, वाळताना आकसतो आणि जाड पत्रिकेलाच वाकवतो. वजनाखाली ठेवूनही ती पुन्हा सरळ होत नाही.

दर्शनी बाजूला पतंग, बोरं, तिळगुळाची वाटी असं काहीही चालतं. त्याभोवती हलव्याचे दाणे दाखवायला मी मोतिया पांढऱ्या लायनरचे, म्हणजे नळीतून येणाऱ्या जाड रंगाचे ठिपके देते, दोन मिमी रुंद, दीड मिमी उंच. नळी दाबायची, दाब सोडायचा आणि मग सरळ वर उचलायची. दाब न सोडता उचलली की ठिपक्याला शेपूट येतं. वाळायला सहा ते आठ तास लागतात, तोवर पत्रिका एकावर एक रचू नयेत. खरा हलवा पत्रिकेवर चिकटवायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. दाणा पाच-सहा मिमी उंच असतो. पाकीट फुगतं, टपालात शिक्का बसला की दाणा चुरडतो आणि मुंग्यांना वाट सापडते ती वेगळीच.

पाकिटाला मी हळदी रंगाचा १२० जीएसएमचा हातकागद घेते. काळ्यावर हळदी उठून दिसतो, आणि हळदीच्या पेठेचं गाव म्हटल्यावर तोच रंग मनात येतो. मात्र पांढरा कागद घरी हळदीच्या पाण्यात बुडवून रंगवू नये. कागद वाळताना सुरकुततो, रंग हाताला लागतो, उन्हात काही दिवसांत फिकटतो, आणि साबणाचा किंवा चुन्याचा हात लागला की तिथे लाल डाग उमटतो. रंगीत कागदच विकत घ्यावा.

हातकागदाचा ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा मिळतो. एका पाकिटाला २० सेंमीचा चौकोन लागतो, आणि एका तावात असे सहाच बसतात. २५ पाकिटांना पाच ताव. १८.५ सेंमीचा चौकोन धरला तर एका तावात बारा बसतात, म्हणजे निम्म्या खर्चात काम होईल असं वाटतं. पण तसं पाकीट दुमडल्यावर कडा एकमेकींना जेमतेम टेकतात. गोंद लावायला जागाच उरत नाही आणि कोपऱ्यांतून पत्रिका डोकावते. २० सेंमीच्या चौकोनात कडा दीड सेंमी एकमेकींवर चढतात, ते पुरेसं आहे.

जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा १५.२ बाय १०.९ सेंमीचा साचा कापून घ्यावा. हा पत्रिकेपेक्षा लांबीला आणि रुंदीला चार-चार मिमी मोठा आहे, दीड मिमीच्या ठिपक्यांना एवढी जागा हवीच. चौकोनी कागद तिरका ठेवायचा, एक टोक वर, एक खाली. मधोमध साचा आडवा ठेवला की त्याचे चारही कोपरे कागदाच्या कडेपासून साधारण पाऊण सेंमी आत येतात. चारही ठिकाणी अंतर सारखं असेल तरच पेन्सिलीने साचा गिरवायचा. चारी रेघांवर खाच पाडायची. मग त्या रेघा कोपऱ्यांपासून कागदाच्या कडेपर्यंत वाढवल्या की प्रत्येक कोपऱ्यावर एक सेंमी बाजूचा छोटा त्रिकोण तयार होतो, तो कापून काढायचा. हा त्रिकोण राहिला तर पाकिटाचा कोपरा दुहेरी होऊन फुगतो.

आधी डावी-उजवी पाखं आत, मग खालचं पाख वर. गोंद फक्त खालच्या पाखाच्या तिरक्या कडांना, कडेपासून दोन मिमी सोडून, पातळ. दाबल्यावर गोंद आत गळतो आणि पाकिटाचं पोटच चिकटून बसतं, म्हणून वाळेपर्यंत आत साच्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून ठेवायचा. वरच्या पाखाला डिंक: एक भाग डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात ग्लिसरीनचे चार थेंब. ग्लिसरीन नसेल तर डिंकाचा थर वाळून तडकतो आणि कागद वळतो. ब्रशने एकच पातळ हात देऊन पाख उघडं ठेवून वाळवायचं. बंद करताना ओलं बोट फिरवलं की चिकटतं.

टपालाने पाठवायचं असेल तर वजनाचा हिशेब आधी करावा. ३०० जीएसएमची ही पत्रिका ९.४ ग्रॅम, पाकीट ४.८ ग्रॅम, आतला कागद एक-दीड ग्रॅम. ठिपके धरूनही साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात ती आरामात बसते. ए४ अख्खा दुमडून मोठी पत्रिका केली, तर कागदच पावणेएकोणीस ग्रॅम होतो आणि पाकिटासकट पुढच्या टप्प्यात जातो. पत्ता बॉलपेनने लिहावा, हातकागदावर शाईचं पेन फुटतं.

आता दागिने. हे सगळ्यात शेवटी, समारंभाच्या तीन-चार दिवस आधी. बाळाला मुकुट, दोनपदरी हार, बाजूबंद, मनगट्या आणि कंबरपट्टा एवढं पुरतं. मुलगा असला तर बासरीही करतात. मोजलं तर दाणे साडेचारशे-पाचशेच लागतात, पण हलवा दोनशे ग्रॅम आणावा, कारण त्यातला निम्मा आकाराने कमी-जास्त निघतो. ताटात पसरून पाच-सहा मिमीचे, भरपूर काटे असलेले दाणे वेगळे काढायचे. काटे दिसायला तर हवेतच, पण त्यांचं खरं काम दोरा धरून ठेवण्याचं. गुळगुळीत दाणा दोऱ्यातून निसटतो. उरलेला हलवा तिळगुळाच्या डब्यात जातो.

दाण्याला भोक पाडायला जाऊ नये, तो फुटतो. दोऱ्यात गाठून घ्यायचा. दोरा गोधडीचा जाड, पांढरा, सुती. नायलॉनचा सरकतो. तयार लांबीच्या चौपट लांबीचे दोन पदर घ्यायचे, एक टोक खिळ्याला बांधायचं. दोन पदरांच्या मधे दाणा धरायचा, पदर काट्यांत बसवून लगेच पुढे घट्ट गाठ. मग दुसरा दाणा. दहा सेंमीत तेरा-चौदा दाणे बसतात. गाठ सैल राहिली तर दाणा फिरतो आणि हार उचलल्यावर गळतो. हात कोरडे हवेत. दर थोड्या वेळाने कोरड्या फडक्याला पुसावेत. हे काम मी दुपारी करते, कारण थंडीत कृष्णाकाठी सकाळी धुकं असतं आणि उघडा ठेवलेला हलवा तेवढ्यानेही चिकट होतो.

मुकुटाला पत्रिकेच्याच काळ्या कागदाचा उरलेला तुकडा घ्यायचा. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंमी असतो, तरी मोजूनच घ्यावा. पुढची पट्टी २४ सेंमीची करून दोन्ही टोकांना ३० सेंमी साटीनची रिबीन लावली की माप कमी-जास्त करता येतं. आतून मऊ साटीनचं अस्तर हवंच, नाहीतर कागदाची कड कपाळाला बोचते. मधल्या टिकलीला पाकिटाच्या हळदी कागदाची फुलं लावली की पत्रिका, पाकीट आणि दागिने एका संचातले दिसतात.

इथे मात्र दाणे चिकटवावेच लागतात. फेविकॉलची बारीक रेघ ओढून तीन-चार मिनिटं थांबायचं. बोटाला तार यायला लागली की चिमट्याने दाणे ठेवायचे. ओल्या गोंदावर ठेवले तर बुडाची साखर विरघळते, दाणा काचेसारखा पारदर्शक दिसू लागतो आणि काटे बसतात. गरम गोंदाची बंदूक मी वापरत नाही. काळ्यावर गोंदाचे गोळे दिसतात, आणि पट्टी वाकली की दाणे टपाटप सुटतात. रात्रभर वाळू द्यावं. कंबरपट्टा आणि बाजूबंदालाही हीच पद्धत, पण मनगट्या आणि हार गाठलेलेच करते, कारण बाळाचं तोंड तिथेच पोहोचतं. हाराच्या मागे गाठ नको, छोटा वेल्क्रो हवा, म्हणजे बाळाने ओढला तर तो लगेच सुटतो.

तयार दागिने बटर पेपरच्या थरांत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि डबा पाण्याच्या परातीत, वाटीवर उचलून. मुंग्या येत नाहीत. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर थंड साखरेवर दव धरतं आणि पाच मिनिटांत सगळं चिकट होतं.

औक्षणाच्या आधी दागिने घालायचे, फोटो झाले की डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायच्या आधी उतरवायचे. दाणा सुटून बाळाच्या घशात अडकू शकतो, त्यामुळे दागिने अंगावर असेपर्यंत कुणीतरी मोठं माणूस शेजारीच हवं. चिकटवलेला हलवा नंतर कुणालाही खायला देऊ नये. साटीन, लेस आणि वेल्क्रो तेवढे सोडवून ठेवावेत, पुढच्या बाळाला चालतात.