कोल्हापूर ते मंगळवेढा : कडबा आणायला जाताय?

कोल्हापुरात वैरणीचा दर साखर कारखाना ठरवतो, हे ज्यानं गोठा सांभाळलाय त्याला सांगावं लागत नाही. ऊसतोड सुरू झाली की रस्त्याकडेला वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या रचल्या जातात, तोडकरी संध्याकाळी त्या विकतात आणि तेवढे महिने कडब्याकडे, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांकडे, फारसं कुणी बघत नाही. मग एकेका कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं, वाडं आटतं, आणि जानेवारीत 'कडबा नको' म्हणणारेच व्यापाऱ्याला फोन लावत बसतात. सगळ्यांचे फोन एकाच आठवड्यात गेले की दर चढणारच. म्हणून शेजारचे तात्या, मी आणि टेम्पोवाला असे तिघं पट्टा पडायच्या आधीच निघालो.

दारात आलेला व्यापारी शेकडा 2400 रुपये सांगत होता, घरपोच. म्हणजे पेंढीला 24. ऐकायला बरं वाटतं. पण पेंढी म्हणजे काही वजन नव्हे. त्याच्या पेंढ्या काट्याला लावल्या तर एकेक सव्वा किलोची भरली, म्हणजे किलोला 19 रुपयांच्या वर. काटा बघून गडी जरा गप्पच झाला.

रस्ता सरळ आहे. कोल्हापूर, मिरज, नागज, सांगोला, मंगळवेढा. रत्नागिरी-नागपूर महामार्गानं जेमतेम दीडशे किलोमीटर. पहाटे निघालं की ऊन चढायच्या आत पोचता येतं. मिरज मागं पडलं की ऊस विरळ होत जातो आणि पुढं शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची रानं लागतात. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, इथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गोठेवाल्याला मात्र कणसापेक्षा ज्वारीच्या ताटात, म्हणजे धाटात, रस. मालदांडी या शाळूच्या वाणाचं ताट बारीक, गोडसर आणि पाला भरपूर, त्यामुळं म्हैस बुडख्यापर्यंत खाते. संकरित ज्वारीचा कडबा दिसायला उंच असतो, पण त्याची चिपाडं गव्हाणीत तशीच पडून राहतात. स्वस्त कडबा घेऊन त्यातला बराचसा उकिरड्यावर टाकायचा, यात कसली बचत?

गावात शिरल्यावर हमरस्त्यालगतच्या कडब्याच्या गंजीजवळ थांबू नका. तिथला दर रस्त्याचा असतो. दोन-तीन किलोमीटर आत जा. आम्ही आतल्या एका वस्तीवर थांबलो तर मालक म्हणाले, "पाव्हणं, उसातली माणसं तुम्ही. वाडं सोडून कडब्याला कसं काय?" तात्या म्हणाले, "कारखाना काय बारा म्हैनं चालतोय व्हय मामा?" त्यावर चहा झाला, आणि चहानंतर भाव.

या वस्तीवर पेंढी 20 रुपये, पलीकडच्या रानात 17. तात्यांचा जीव 17 वर. पण आम्ही लटकता काटा बरोबर नेला होता. दोन्हीकडे गंजीच्या मधून, आपल्या हातानं काढलेल्या दहा-दहा पेंढ्या तोलल्या. वस्तीवरच्या दहा 20 किलो भरल्या, पलीकडच्या 14. म्हणजे इथं किलोला 10 रुपये आणि तिथं 12 रुपये 14 पैसे. काटा नसता तर महाग माल स्वस्त म्हणून भरून आणला असता. पेंढ्या मालकाला काढू देऊ नका, वरच्या थरात नेहमीच चांगल्या असतात. मधली पेंढी उकलून आत हात घाला. अवकाळी पावसात भिजलेला कडबा काळपट पडतो, कुबट वास येतो, पाला हातात चुरून जातो. तो फुकट दिला तरी नको. बुरशी जनावराच्या पोटात गेली की डॉक्टरचं बिल वैरणीपेक्षा जास्त होतं.

एकाच गावात दर इतके वेगळे का, हे मी मालकांना विचारलं. रानातून गाडी बाहेर निघते की नाही, हे पहिलं. काळ्या रानात ट्रॅक्टर लावून माल रस्त्यावर आणावा लागत असेल तर मालक दर पाडतो. दुसरं म्हणजे गरज. काढणीची मजुरी अंगावर आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळेल त्या भावाला विकणारे असतात, आणि पाऊस लागेपर्यंत गंज झाकून ठेवायची ताकद असलेलेही असतात. शाळू काढायला मजूर मिळत नाहीत म्हणून लोक मका, ऊस, डाळिंबाकडे वळले, हेही त्यांनी बोलून दाखवलं. आपल्याकडे कोल्हापुरात दुसरी गंमत चालली आहे. हार्वेस्टर फडात शिरला की वाड्याचे तुकडे करून शेतातच उधळतो, आणि भातात मशीन घातलं की पिंजराचा, म्हणजे भाताच्या काडाचा, चुरा होतो. यंत्रानं मजुरी वाचते, पण ती वैरणीतून वसूल होते.

आता हिशेब. आम्ही 1200 पेंढ्या घेतल्या. माल 24,000, टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं टोलसकट 9,600, भरणं-उतरणं 2,400. एकूण 36,000. घरात पडलेली पेंढी 30 रुपयांची, किलोला 15. व्यापाऱ्याच्या 19 शी तुलना करा. भाड्यात खरी मेख आहे. कडबा हलका आणि पसरट, त्यामुळं गाडी वजनानं भरायच्या आधीच उंचीनं भरते. लहान गाडी नेली तर पेंढीमागं भाडं दुप्पट होऊ शकतं. दोन-तीन गोठे मिळून एक मोठी गाडी करा, नाहीतर सरळ व्यापाऱ्याकडूनच घ्या, पण किलोवर.

हिरव्याशी तुलना करतानाही पाणी वजा करा. वाडं 4 रुपये किलो पडलं तरी त्यात कोरडा भाग जेमतेम पंचवीस ते तीस टक्के, म्हणजे कोरड्या किलोला 13 ते 16 रुपये. कडब्यात नव्वद टक्के कोरडं, म्हणून 15 चा कडबा जवळपास 17 ला पडतो. मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा मका, 7 रुपयांनी घेतला तर कोरड्या किलोला 23 च्या पुढं जातो, पण त्यात मक्याचं कणीस असतं, पेंड थोडी कमी लागते. वाडं स्वस्त दिसलं तरी नुसत्या वाड्यावर दुभती म्हैस ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण द्यावंच लागतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, आणि दिसायचं कारणही नाही.

परतीला माल वाकडा भरू देऊ नका. ताडपत्री आणि दोर आपले न्या. गावातल्या लोंबत्या विजेच्या तारा बघूनच उंची ठरवा, तारेला लागून कडब्याच्या गाड्या पेटल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बिडी ओढणारा हमाल गाडीवर चढवू नका. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी आधी चौकशी करा, कारण जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर न्यायला मनाई करतात. 2023 च्या दुष्काळी तालुक्यांच्या यादीत सांगोला होताच. इसार देताना पेंढ्या, दर आणि भरायचा दिवस कागदावर घ्या. शेकड्याला चार-पाच पेंढ्या वर मिळतात, पण मागाव्या लागतात.

घरी आल्यावर गंज जमिनीवर लावू नका, खाली दगड किंवा लाकडं घाला. पंचगंगेकाठच्या गावांनी तर 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर आलं होतं ते आठवूनच जागा धरावी. कुट्टी, म्हणजे कडब्याचे बारीक तुकडे, आठवड्यापुरतीच करा. जास्त केली की ओल धरते आणि उंदीर ताबा घेतात.