काका, ती बाटली उघडा आता

मी राहते त्या फ्रान्समधल्या बोर्दोत वाईनच्या दुकानात शिरलं की दुकानदार आधी बजेट विचारत नाही. विचारतो, कधी पिणार? आज रात्री, की मुलीच्या लग्नात? मला हा आगाऊपणाच वाटायचा. आपल्याकडे वाईन शॉपमध्ये जाळीतून पैसे आत जातात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काळ्या पिशवीतून बाहेर येते, चौकशी शून्य. ती पद्धत मला आजही आवडते.

पण परवा या गृहस्थाने मला 2019 ची मेदोकची (बोर्दोजवळचा वाईनचा भाग) बाटली द्यायलाच नकार दिला. मला शनिवारी पाहुण्यांसाठी हवी होती. म्हणाला, ही अजून दहा वर्षं थांबेल, आत्ता उघडून वाया घालवू नका. आणि निम्म्या किमतीची दुसरी हातात ठेवली. स्वतःचा गल्ला कमी करणारा दुकानदार मी दादरला अजून पाहिलेला नाही.

त्याच क्षणी पार्ल्याचे काका आठवले. मी दिलेली बाटली त्यांच्या शोकेसमध्ये, संगमरवरी ताजमहाल आणि दादाची कॅरमची ढाल यांच्या मधोमध, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभी आहे. दर भेटीत विचारते, उत्तर ठरलेलं. ‘‘अगं, होऊ दे जुनी. जितकी जुनी तितकी भारी.’’

ती आठ युरोंची होती. कंजूषपणा म्हणू नका. विमानातून येताना दोन लिटरचीच मुभा, म्हणजे दोन बाटल्या, आणि नातेवाइकांची घरं पाच. शिवाय आठ युरोंत इथे खरोखर चांगली वाईन मिळते, फक्त ती लवकर प्यायची असते. जगातली बहुतेक वाईन तशीच असते: बाजारात आली की वर्षा-दोन वर्षांत, फार तर चार-पाच वर्षांत संपवायची.

मुरायला अंगात भांडवल लागतं. टॅनिन, आम्लता किंवा भरपूर साखर. टॅनिन द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून येतं. कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं. वर्षानुवर्षं त्याचे रेणू एकमेकांना चिकटत जातात, चव मऊ होते, काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. जांभळा रंग विटकरी होतो. ताज्या फळांचा वास जाऊन चामडं, तंबाखू, सुकं अंजीर असलं काहीतरी नाकाला लागतं. भांडवल नसेल तर फळाचा वास जातो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही.

आणि हे सगळं बारा-तेरा अंश तापमानात, अंधारात, बाटली आडवी ठेवून. उभ्या बाटलीचं बूच सुकतं आणि हवा आत शिरते. पार्ल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मे महिन्यात हात लावून बघा. त्यातल्या त्यात काका बरे. आत्याने तिची बाटली फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आहे, जिथे ऊबही मिळते आणि थरथरही. तळघरं असणाऱ्यांचे हे शौक आहेत, वन बीएचकेवाल्यांनी त्यांची लाज का बाळगावी?

एका फ्रेंच पाहुण्याने भारतातली वाईन म्हटल्यावर भुवया उंचावल्या होत्या, तेव्हा मी नाशिकची शेनँ ब्लाँ ही पांढरी वाईन पाजली. दुसरा ग्लास त्याने स्वतःहून मागितला. तीही ताजीच प्यायची, गार करून, तळलेल्या सुरमईबरोबर. फ्रेंचांची बोझोले नूव्हो, म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांची ताजी वाईन, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि तेही ती काही नातवंडांसाठी ठेवत नाहीत.

तर काका, ती उघडा. आंबट, शिळ्या सफरचंदासारखी लागली तर खुशाल ओतून द्या, मला वाईट वाटणार नाही. दिवाळीत मी पोर्तुगालची मदेरा वाईन आणते आहे. पूर्वी तिची पिंपं जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून पूर्वेकडे जायची, आणि त्या उकाड्यातच ती सुधारते असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. आता तिथे मुद्दाम गरम करून मुरवतात. शोकेस, ट्यूबलाइट, मे महिना, तिला सगळं चालतं. फक्त ताजमहाल जरा सरकवून ठेवा.