राउटर अपग्रेड केला आणि डोंगल मुका झाला

गावातल्या अभ्यासिकेत १६ एमबी फ्लॅशचा, म्हणजे तेवढ्याच साठवणजागेचा, एक जुना राउटर आहे. त्यावर मी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली टाकलीय. फायबरची तार तुटली की यूएसबी डोंगलवर नेट चालावं, म्हणून डोंगल चालवणारी चार-पाच पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) ओपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने बसवली होती.

ओपनडब्ल्यूआरटीच्या २२.०३ आवृत्तीवरून २३.०५ वर जायचं ठरवलं त्या दिवशी तार तुटलेलीच होती. नव्या आवृत्तीची फाइल डोंगलवरूनच उतरवली आणि ती राउटरवर चढवणारं सिसअपग्रेड चालवलं. राउटर उठला, वायफायचं नाव-पासवर्ड सगळं जागेवर, पण नेट नाही. सिसअपग्रेड सेटिंग्ज राखतं, वरून बसवलेली पॅकेजं राखत नाही, हे तेव्हा कळलं. डोंगल चालवायला पॅकेजं हवीत आणि पॅकेजं आणायला नेट हवं. समोर तीन मुली परीक्षेचे अर्ज भरायला थांबलेल्या.

पेनड्राइव्हवर त्याच पॅकेजांच्या जुन्या आयपीके फाइली होत्या. त्या टाकून पाहिल्या, तर ओपीकेजीने कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, अटीवरच अडवलं. नावात केमॉड (कर्नलला जोडायचं मॉड्यूल) असलेलं प्रत्येक पॅकेज एका ठरावीक कर्नलशी बांधलेलं असतं. माझी ५.१० ची होती आणि आता राउटरवर ५.१५ होता. जबरदस्तीचा पर्याय असतो, पण कर्नलच्या मॉड्यूलशी तो खेळ करू नये असं माझं ठाम मत आहे.

शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, नेमक्या आवृत्तीच्या फाइली उतरवल्या आणि फाइली पाठवणाऱ्या एससीपी आज्ञेने राउटरच्या टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पाठवायला घेतल्या. तिथेही अडलं. नवं एससीपी आतून एसएफटीपी ही फाइली पाठवायची दुसरी पद्धत वापरतं आणि राउटरवर तिचा सर्व्हर नसतो. जुनी पद्धत वापरायला लावणारा कॅपिटल ओचा पर्याय दिला तेव्हा फाइली गेल्या. सगळ्या एकदम इन्स्टॉलला दिल्या, डोंगल काढून पुन्हा लावला, आणि दिवा हिरवा झाला. अर्ज भरून झाले.

त्याच रात्री सात-आठ ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. राउटरचा मूळ भाग स्क्वॅशएफएस या दाबून साठवणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये असतो, तो फक्त वाचता येतो. आपण बसवलेलं सगळं वरच्या ओव्हरले या लिहिता येणाऱ्या थरात जातं. म्हणून ओव्हरलेच्या अपर फोल्डरमधल्या ओपीकेजीच्या माहितीत ज्या पॅकेजांच्या कंट्रोल फाइली (पॅकेजाची ओळख सांगणाऱ्या) दिसतात, तीच आपण भर घातलेली पॅकेजं. (मूळची पॅकेजं काढून जागा मोकळी होत नाही, त्याचंही कारण हेच.) स्क्रिप्ट ती नावं एका फाइलीत लिहून ठेवते. त्या फाइलीचा पत्ता सिसअपग्रेडच्या कॉन्फमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) घातला, म्हणजे ती अपग्रेडनंतरही टिकते.

डोंगलची पॅकेजं मात्र आता मी यादीच्या भरवशावर ठेवत नाही. इमेज बिल्डर या ओपनडब्ल्यूआरटीच्या साधनाने ती मूळ इमेजमध्येच, म्हणजे राउटरवर चढवायच्या फाइलीतच, घालून घेतो. स्क्वॅशएफएसमध्ये ती दाबून बसतात, जागा कमी लागते आणि पहिल्या बूटपासून डोंगल चालतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या विकासातल्या आवृत्तीने ओपीकेजी सोडून अल्पाइन लिनक्सचं एपीके हे पॅकेजं बसवायचं साधन घेतलं. तिकडे जाताना स्क्रिप्टमधला माहितीचा रस्ता बदलावा लागेल. तो आधी घरच्या राउटरवर तपासून मगच अभ्यासिकेच्या राउटरला हात लावणार आहे.