एम बँड दिसला नाही, तरी मायलोमा असू शकतो

साठीपुढचा माणूस, काही महिन्यांची पाठदुखी, हिमोग्लोबिन ९, क्रिएटिनिन वाढलेलं. मायलोमाची, म्हणजे अस्थिमज्जेतल्या (बोन मॅरो) प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची शंका येते, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून आलेखावर दाखवणारी तपासणी) होतं, रिपोर्टवर ‘एम बँड नाही’, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रथिनाचा ठळक पट्टा नाही, असं छापून येतं आणि विषय मिटतो. तो इतक्यात मिटवू नये.

मायलोमाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत प्लाझ्मा पेशी अख्खं इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडी) बनवतच नाहीत, नुसत्या लाइट चेन, म्हणजे त्याचे छोटे तुकडे सोडतात. त्या आकाराने लहान, त्यामुळे मूत्रपिंडातून गाळल्या जातात आणि सीरममध्ये ठळक पट्टा उठत नाही. निरोगी इम्युनोग्लोब्युलिन मात्र दबलेली असतात, म्हणून आलेखाचा गॅमा भाग (जिथे इम्युनोग्लोब्युलिन दिसतात) सपाट पडतो. आकड्यांच्या आधी आलेख बघा, तो यासाठी. लघवीची डिपस्टिकही (लघवीत बुडवायची तपासणीची पट्टी) इथे फसवते. ती प्रामुख्याने अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन नाही. पट्टीवर प्रोटीन ‘निल’ आणि प्रयोगशाळेत मोजलेलं प्रोटीन भरपूर, ही तफावत दिसली की लाइट चेनचा विचार करायलाच हवा.

म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन (पट्टा नेमका कोणत्या प्रकारच्या इम्युनोग्लोब्युलिनचा ते ओळखणारी तपासणी) आणि सीरम फ्री लाइट चेन (रक्तातल्या सुट्या लाइट चेनचं मोजमाप) या तिन्ही तपासण्या एकदमच कराव्यात. अमायलॉइडची (लाइट चेन अवयवांत साचण्याचा आजार) शंका असेल तर २४ तासांच्या लघवीचं इम्युनोफिक्सेशनही.

लाइट चेन दोन प्रकारच्या, कॅप्पा आणि लॅम्ब्डा. फ्री लाइट चेनमध्ये महत्त्व त्यांच्या गुणोत्तराला. नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५, मूत्रपिंड निकामी असेल तर वरची हद्द ३.१ पर्यंत धरतात. कॅप्पा ६०, लॅम्ब्डा ४० मिलिग्रॅम प्रति लिटर: दोन्ही वाढलेले, गुणोत्तर १.५, म्हणजे दोष बहुधा मूत्रपिंडाचा. कॅप्पा ९०० आणि लॅम्ब्डा ६ असेल तर गुणोत्तर १५०, आणि गोष्टच वेगळी. लॅब बदलली की पद्धत बदलू शकते, मग जुन्या-नव्या आकड्यांची तुलना फोल.

उलट फसगतही होते, मायलोमा नसताना पट्टा दिसतो. सीरमऐवजी प्लाझ्मा (न गोठवलेल्या रक्ताचा द्रव भाग) गेला तर त्यातल्या फायब्रिनोजेन या गोठवणाऱ्या प्रथिनाचा पट्टा आलेखाच्या बीटा आणि गॅमा भागांच्या मध्ये उठतो. डाराटुमुमॅब हे मायलोमावरचं अँटीबॉडी औषध चालू असेल तर औषधाचाच फिकट आयजीजी कॅप्पा (इम्युनोग्लोब्युलिनचा एक प्रकार) पट्टा दिसतो. क्षयरोग किंवा जुनाट हिपॅटायटिसमध्ये गॅमा वाढतो, पण तो पसरट उंचवटा असतो, सुळका नव्हे. आणि खरा एम बँड असला तरी ३ ग्रॅम प्रति डेसीलिटरपेक्षा कमी, मॅरोत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांखाली आणि अवयवांना इजा नाही, तर ते एमजीयूएस, म्हणजे मायलोमाच्या आधीची, आजार न ठरणारी अवस्था. त्यातले वर्षाला सुमारे १ टक्का लोक पुढे मायलोमा किंवा तत्सम आजाराकडे जातात. उपचार नको, पण नियमित तपासणी हवी.

बोन मॅरोच्या तपासणीत सुईने पहिल्यांदा ओढलेला नमुना स्लाइडसाठी ठेवा. पुढच्या ओढींत रक्त मिसळतं आणि पेशी कमी भरतात. फ्लो सायटोमेट्रीची (यंत्राने पेशी मोजण्याची पद्धत) टक्केवारी निदानासाठी धरू नये, तीही कमीच येते. अ‍ॅस्पिरेट (सुईने ओढलेला द्रव नमुना) आणि प्लाझ्मा पेशी ओळखणारा सीडी१३८ रंग लावलेली बायोप्सी यांतला मोठा आकडा घ्यावा.

हाडांसाठी टेक्नेशियम बोन स्कॅन नको. तो नवं हाड बनताना उजळतो आणि मायलोमात नेमकी तीच क्रिया दबलेली असते. कमी मात्रेचा पूर्ण शरीराचा सीटी किंवा पेट-सीटी करावा. हाडात ५ मिलिमीटर वा मोठी एक पोकळीही मायलोमाच्या निकषात बसते. आपल्याकडे मणका खचलेला दिसला की पटकन टीबीची औषधं सुरू होतात. टीबीत दोन मणक्यांमधली चकती बहुधा खराब होते, मायलोमात ती सहसा शाबूत राहते. बायोप्सीशिवाय औषधं सुरू करू नयेत.

हे सगळे रिपोर्ट येईपर्यंत पाठदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं बंद. लाइट चेनने आधीच तुंबलेली मूत्रपिंडं त्यांनी बसू शकतात.