टिपणे दुसऱ्याच्या हाती देताना

नागपुरात विधी शाखेच्या आमच्या वर्गात वर्धा आणि भंडाऱ्याहून रोज रेल्वेने ये-जा करणारे बरेच विद्यार्थी आहेत. गाडी उशिरा आली की त्यांचा पहिला तास हमखास बुडतो, आणि म्हणूनच माझी टिपणे केवळ माझ्यापुरती राहू नयेत, असे मला मनापासून वाटते.

स्वतःसाठी लिहिताना चार शब्दांत भागते, कारण उरलेले डोक्यात असते. तासाला नसलेल्या मैत्रिणीला मात्र त्यातून काहीच उलगडत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या केशवानंद भारती खटल्याचेच पाहा. '1973, 13 न्यायमूर्ती, 7 विरुद्ध 6' एवढे कोणत्याही गाईडमध्ये सापडते. परंतु घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, या निष्कर्षापर्यंत सरांनी मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला नाकारणाऱ्या 1967 च्या गोलकनाथ निकालापासून आणि तो अधिकार तिला परत देणाऱ्या 24 व्या घटनादुरुस्तीपासून कसे नेले, तो क्रम टिपणात उतरला पाहिजे. त्यासाठी मी डावीकडे रुंद समास सोडते आणि वर्गात विचारलेले प्रश्न तिथे लिहिते. माझी स्वतःची शंका मात्र पेन्सिलने, म्हणजे सरांचे विधान समजून ती कोणी पेपरात लिहिणार नाही.

संध्याकाळी गाळलेले शब्द भरून मी पानांचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. आपला क्रमांक जाईल या भीतीने वही लपवणे मला पटत नाही. माझे पान वाचून एका मैत्रिणीने, 'या चौकटीत नेमके काय काय येते?' असे विचारले, तेव्हा न्यायमूर्तींनी दिलेल्या याद्या एकसारख्या नाहीत, हे आमच्या ध्यानात आले आणि ते पान आम्ही दोघींनी मिळून नव्याने लिहिले.