मुआद्दीब म्हणजे उंदीर

मे महिन्यातल्या दुपारी जळगावात माणूस काही करत नाही, पडून असतो. खिडकीला ओली चादर, कूलर घरघरतोय, आणि कूलरच्या बरोब्बर समोरची जागा भाच्याने पटकावलेली, कारण तो सुट्टीला आलाय म्हणजे पाहुणा. मोबाइलवर ड्यून या इंग्रजी पिक्चरचा दुसरा भाग लावलेला. हेडफोन लावायची पद्धत आमच्या घरात नाही, त्यामुळे पिक्चर सगळ्यांनी ऐकायचा. तर त्यात ते एका वाळवंटी ग्रहावरचे फ्रेमेन लोक हिरोला आपल्यात घेतात, नाव निवड म्हणतात, आणि तो म्हणतो मुआद्दीब. भाचा एकदम उठून बसला, मामा काय भारी नाव ए ना!

मधल्या खोलीत आई गहू निवडत होती, तिथूनच ओरडली, "हाऊ काय म्हनी राहिना?"

म्हटलं काही नाही, त्या पोराने स्वतःचं नाव उंदीर ठेवलं.

"मंग त्यानं नाव उंदीर शे का? आनि त्याले समदा नमस्कार करतस?"

करतात ना. नमस्कार काय, जीव देतात. आईने 'हं' केलं आणि परत गव्हात डोकं घातलं, पण भाच्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलेलं मुआद्दीब म्हणजे महायोद्धा, दिग्विजयी वगैरे काहीतरी असणार. त्याच्या वर्गात दोघांनी इन्स्टावर तेच नाव लावलंय म्हणे. आपल्याकडे हिरोचं नाव काय असतं, वाघ, सिंह, ढाण्या, फार तर नाग. उंदीर कोण ठेवतं? उंदराला आपल्याकडे एकच मानाची जागा, ती पण गणपतीच्या पायाशी, त्याच्यावर बसलेलं कोणीतरी असेल तरच.

मला एक खोड आहे, कोणाचं टोपणनाव कानावर पडलं की ते का पडलं हे कळेपर्यंत चैन पडत नाही. लग्नात जेवायच्या पंगतीत मी अनोळखी माणसाला विचारलंय की दादा तुम्हाला सगळे 'फौजदार' का म्हणतात, तुम्ही तर ग्रामसेवक दिसता. बायको तेव्हा दुसऱ्या पंगतीत जाऊन बसते. ड्यूनचं पुस्तक मी कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतलं होतं, कव्हर नसलेलं, आणि खरं सांगायचं तर ती राजघराणी आणि ती कट-कारस्थानं माझ्या डोक्यावरून गेली, पण नावांचा भाग मी परत परत वाचला.

पुस्तकात ते असं येतं. पॉल, राजघराण्यातलं पोर, बाप मारला गेलाय, आईला घेऊन वाळवंटात पळालाय, आणि फ्रेमेन लोकांच्या टोळीत त्याला जेमिस नावाच्या माणसाशी सुरीने लढावं लागतं. मारतो त्याला. सुरीने केलेला पहिला खून. त्यानंतर टोळीचा म्होरक्या स्टिल्गर त्याला आतलं नाव देतो, उसुल, म्हणजे खांबाचा पाया. ते फक्त घरच्यांनी वापरायचं. आणि चारचौघात वापरायचं नाव तुझं तू निवड. तर हा विचारतो, तो उड्या मारणारा छोटा उंदीर असतो ना, त्याला तुम्ही काय म्हणता? टोळीत खसखस पिकते. मला हा प्रसंग फार आवडतो ते त्या हसण्यामुळे. एवढा माणूस मारून आलेला गडी, आणि नाव मागतोय उंदराचं. अगदी आपल्या पारावरचं हसू आहे ते.

मग स्टिल्गर हसणं बाजूला ठेवून सांगतो की वाळवंट कसं असतं ते मुआद्दीबला कळतं, तो स्वतःचं पाणी स्वतः तयार करतो, उन्हाला लपतो आणि रात्रीच्या गारव्यात फिरतो, त्याची पिलावळ वाढते, आणि आम्ही त्याला पोरांना शिकवणारा म्हणतो. त्या ग्रहाला दोन चंद्र आहेत आणि धाकट्या चंद्रावर याच उंदराची आकृती दिसते. आपल्या चंद्रावर ससा, त्यांच्या चंद्रावर उंदीर, ज्याच्या त्याच्या अंगणात जे फिरतं ते वर दिसतं.

आणि स्वतःचं पाणी तयार करणं ही काही लेखकाने मारलेली थाप नाही बरं का. अमेरिकेच्या वाळवंटात कांगारू रॅट म्हणून प्राणी आहे, मागचे पाय लांब, शेपटीला गोंडा. तो जवळजवळ पाणी पीतच नाही. कोरडं बी खातो, ते बी शरीरात पचताना जे पाणी तयार होतं त्याच्यावर भागवतो. लघवी अगदी घट्ट, दिवसभर बिळात, आणि श्वास सोडताना त्याच्या नाकात हवा गार होते आणि तिच्यातला ओलावा तिथेच परत धरला जातो. अख्खं अंग म्हणजे पाण्याचा हिशोब. फ्रेमेन लोक जो सूट घालतात, घाम-श्वास-लघवी सगळं गाळून परत प्यायला देणारा, तो दुसरं काय आहे, माणसाने उंदीर व्हायचा केलेला प्रयत्न. ड्यूनचा लेखक फ्रँक हर्बर्ट, त्याला हे सगळं सुचलं ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या बघून, तिथे सरकारी लोक गवत लावून सरकती वाळू थांबवत होते, त्याच्यावर लेख लिहायला गेला आणि कादंबरी घेऊन बसला. वीसेक प्रकाशकांनी ती परत पाठवली आणि शेवटी 1965 मध्ये छापली ती गाड्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने.

तर आता आमच्या गावातला उंदऱ्या. खरं नाव सांगत नाही, उंदऱ्याच म्हणतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या अंगाला. बोरी म्हणजे पावसाळ्यात नदी आणि बाकी वर्षभर क्रिकेटचं मैदान. उंदऱ्या माझ्या वर्गात होता, बारीक, कान मोठे, पण नाव त्याच्यामुळे नव्हतं पडलेलं. भुईमूग उपटून झाला, सरवा वेचून झाला, शेत नुसतं मोकळं पडलं की हा आणि त्याची आई उंदरांची बिळं खणायला निघायचे. शेतातला उंदीर हिवाळ्याच्या आधी बिळात शेंगा भरून ठेवतो, अशा रचून की आमची मोठी आई त्याला 'मारवाडी' म्हणायची. कुठल्या बांधाला बीळ आहे, कुठलं चालू आणि कुठलं सोडून दिलेलं, तोंड इकडे असेल तर कोठार कोणत्या बाजूला, हे त्या पोराला जमिनीकडे बघून कळायचं. आम्हाला वाटायचं मजा आहे. आम्ही त्याच्या मागे मागे, तो टिकावाने दोन घाव घालणार, मग कोपरापर्यंत हात आत, आणि ओंजळभर शेंगा बाहेर. त्यातल्या मूठभर आम्हाला द्यायचा. आम्ही त्या तुरखाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भाजून खायचो आणि घरी शेंगांची पोती भरलेली असायची आमच्या, हे कोणाच्या डोक्यातच नाही. त्याच्या घरी त्या शेंगांचं तेल निघायचं की थेट चटणी व्हायची, कधी विचारलं नाही.

तो एक गोष्ट पाळायचा. बीळ पूर्ण रिकामं करायचा नाही. थोडं आत ठेवायचा. का रे, तर म्हणे पुढच्या साली कोण भरी?

मास्तर त्याला हजेरीत पण उंदऱ्याच म्हणायचे आणि तो हजर म्हणायचा.

पोरांना शिकवणारा म्हटलं की अमळनेरच्या माणसाच्या डोळ्यासमोर दुसरं कोणी येऊच शकत नाही. पांडुरंग सदाशिव साने म्हटलं तर चार लोक विचारतील कोण, पण साने गुरुजी म्हटलं की झालं. 1924 ते 1930, सहा वर्षं प्रताप हायस्कूलला मास्तर, होस्टेलच्या पोरांची अंथरुणं काढणं, कपडे धुणं सुद्धा करायचे, मग नोकरी सोडून सत्याग्रहात, धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि हे उतरवून घ्यायचे. कोकणातला माणूस, पण 'गुरुजी' झाला तो खानदेशात. आता हे जरा ओढून ताणून वाटेल, वाटू दे, पण ड्यून वाचताना मला गुरुजी आठवले ते वेगळ्याच जागी. जेमिसच्या अंत्यविधीला पॉल रडतो. तर ते सगळे फ्रेमेन हादरतात. त्यांच्यात कोणी रडत नाही, पाणी वाया जातं ना. कोणीतरी कुजबुजतं की उसुल मेलेल्याला पाणी देतोय, आणि लोक पुढे होऊन त्याच्या ओल्या गालाला बोट लावून बघतात. आणि आपल्याकडे गुरुजींची सगळ्यात जास्त चेष्टा कशावरून झाली, तर रडण्यावरून. हळवे, रडूबाई, पुस्तक वाचून आयाबाया रडतात वगैरे. म्हणजे बघा, त्या ग्रहावर गेले असते तर नुसत्या डोळ्यांच्या पाण्यावर माणसाला देव केला असता.

पाण्याची किंमत कळायला तसं वाळवंट लागत नाही म्हणा. पांझरा नदीकाठची फड पद्धत ऐकली असेल, नदीवर बंधारे, पाटाने पाणी, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, आणि पाणी सोडणार तो पाटकरी, तुम्ही कितीही मोठे पाटील असा, तुमच्या पाळीलाच. शेकडो वर्षं चाललं हे. स्टिल्गर आला असता तर त्याने पाटकऱ्यासमोर थुंकून मान दिला असता, त्यांच्यात थुंकणं म्हणजे अंगातलं पाणी भेट देणं. पाटकऱ्याने मात्र त्याला फोडला असता.

तर टोपणनाव. माझं म्हणणं एवढंच आहे की वरून दिलेलं नाव टिकत नाही. अकबराने असीरगड घेतला 1601 मध्ये आणि आपल्या दानियाल नावाच्या पोरासाठी खानदेशचं नाव बदलून दानदेश केलं. बादशहा होता, फर्मान होतं, सगळं होतं. कोणी म्हणतं का आज? आणि पारावर कोणीतरी हसत हसत चिकटवलेलं नाव माणूस मरेपर्यंत जात नाही, पोलिसाच्या कागदावर सुद्धा 'उर्फ' म्हणून येतं.

असं मी भाच्याला सांगत होतो आणि सांगता सांगता मला पुढचं पुस्तक आठवलं, 1969 चं, ड्यून मसाया. त्यात मुआद्दीब सम्राट होऊन बारा वर्षं झालीत. तो बसून आपला हिशोब करतो की कमीत कमी धरलं तरी मी 61 अब्ज माणसं मारली. एकसष्ट अब्ज, म्हणजे 6,100 कोटी. नव्वद ग्रह उजाड केले, पाचशे मोडून टाकले. ती मारणारी माणसं ओरडत जायची ते हेच नाव घेऊन. गारव्यात फिरणारा, आपल्यापुरतं पाणी करणारा, पोरांना शिकवणारा. नाव तेच राहिलं, त्यात एक अक्षर बदललं नाही. म्हणजे मी आत्ता जे म्हटलं की खालून आलेलं नाव टिकतं, ते टिकतंच, पण त्याच्या आत काय भरलं जातं त्याची गॅरंटी नाव देत नाही. भाच्याला हे सांगितलं नाही. एक तर तो परत पिक्चरमध्ये घुसला होता, आणि दुसरं म्हणजे मलाच ते बोलताना कसंतरी झालं.

उंदऱ्या आता मोठा माणूस आहे. आधी कापसाचा व्यापार, मग जिनिंगमध्ये भागीदारी, मग पंचायत समिती. गावात शिरताना फाट्यावर त्याचा फ्लेक्स आहे, पांढरा शर्ट, काळा गॉगल, हात जोडलेले, आणि वर 'खानदेशचा ढाण्या वाघ'. मागच्या उन्हाळ्यात एका हळदीत भेटला. मागे पाच-सहा पोरं उभी, दोघांच्या हातात त्याचे मोबाइल. तोंडात नाव आलं होतं माझ्या, अगदी ओठावर, आणि मला वाटतं त्याला कळलं पण, कारण तो हसला जरा. म्हटलं, काय दादा, बरं चाललंय ना.

आता काय सांगू. वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्याला माझं नाव लागायचं राहिलंय अजून, आणि त्याची सगळीकडे ओळख आहे.